एल्फ खोटा, मग कंपनी खरी?

वाचकाने मत द्यावं, जोरात द्यावं, लेखकाच्या तोंडावर द्यावं. फक्त ते पुस्तकाबद्दल असावं. 'शॅडोरन' या खेळाच्या जगात घडणाऱ्या, एकमेकींत गुंफलेल्या कथांबद्दल गेली तीसेक वर्षं जी मतं ऐकू येतात, त्यांतली बरीचशी मुखपृष्ठ पाहून बनलेली असतात. मला या कथा मनापासून आवडतात. त्यांच्या उणिवाही मला ठाऊक आहेत. म्हणून या आठवड्यात एकेक मत घेतो आणि त्याचा सोक्षमोक्ष लावतो.

आधी थोडक्यात ओळख. 'शॅडोरन' हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, काय होईल याची खात्री नसली की फासे टाकायचे. शिकागोच्या 'एफएएसए' कंपनीने तो १९८९ साली बाजारात आणला. खेळातलं साल २०५०, मुख्य शहर सिअ‍ॅटल. डोक्याला तार जोडून संगणकांच्या जाळ्यात शिरणारे चोर आहेत, हातापायांत यंत्रं बसवून घेतलेले भाडोत्री लढवय्ये आहेत. इथवर सायबरपंकचा, म्हणजे संगणक आणि यंत्रांनी ग्रासलेल्या भविष्याच्या कथांचा, नेहमीचा सरंजाम. पण या जगात २०११च्या अखेरीस जादू परतली आहे. फुजी पर्वतापाशी लोकांनी ड्रॅगन पाहिलाय. माणसांच्याच पोटी टोकदार कानांचे एल्फ आणि ठेंगणे ड्वार्फ जन्माला आलेत. आणि २०२१ साली चालतीबोलती माणसं एकाएकी ऑर्क आणि ट्रोल झालीत. सरकारं नावापुरती उरलीत, सत्ता कंपन्यांकडे आहे. एका कंपनीला दुसरीचं काही चोरायचं असेल तर तिचा माणूस येतो, नाव सांगतो 'मिस्टर जॉन्सन', काम ठरवतो, पैसे ठरवतो. काम फसलं तर कंपनी हात झटकून मोकळी. मरतो तो कामाला गेलेला.

आता मतं.

मत पहिलं : 'खेळावरून काढलेल्या गोष्टी म्हणजे खेळाची जाहिरात'

कथांचा पहिला संग्रह, 'इनटू द शॅडोज', १९९० साली आला. संपादक जॉर्डन वाइझमन, म्हणजे खेळ घडवणाऱ्यांपैकीच एक. खेळ विकला जावा ही इच्छा त्यामागे होतीच. असेना! पुस्तक कशासाठी काढलं गेलं यावरून ते कसं आहे हे ठरत नाही.

न्यू मेक्सिकोत जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि त्यांचे लेखक-मित्र 'सुपरवर्ल्ड' नावाचा असाच एक खेळ खेळायचे. त्या बैठकींतून 'वाइल्ड कार्ड्स' ही गुंफलेल्या कथांची मालिका निघाली आणि पहिला खंड १९८७ साली छापला गेला. जपानमध्ये र्यो मिझुनो यांची 'लोडोस' मालिका तर टेबलावर खेळलेल्या खेळाच्या मासिकात छापलेल्या वृत्तांतांतून सुरू झाली. खेळ कधीही न खेळलेल्या असंख्य वाचकांनी ही पुस्तकं वाचली, जपली.

आपल्याकडे हे नाक मुरडणं नवीन नाही. बाबुराव अर्णाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' यांच्या करामती वाचनालयांतून फाटेस्तोवर वाचल्या गेल्या, पण चारचौघांत त्यांचं नाव घ्यायला माणसं संकोचत. नारायण धारपांच्या 'समर्थ' कथांचंही तेच. एक कथा संपली की पुढची शोधत वाचक वाचनालयात हजर, समीक्षेच्या पानांवर मात्र शुकशुकाट. धारप २००८ साली गेले. २०१८ साली 'तुंबाड' चित्रपट आला, त्यामागे त्यांच्या कथेची प्रेरणा आहे हे कळलं आणि सगळ्यांना एकदम धारप मोठे वाटू लागले. दहा वर्षं आधी हेच कौतुक झालं असतं तर लेखकाच्या कानी पडलं असतं. 'हलकं' असा शिक्का मारताना वाचक लेखकाकडून काय हिरावून घेतो, याचा विचार शिक्का मारणाऱ्याने करावा.

मत दुसरं : 'सायबरपंकमध्ये एल्फ कशाला?'

या मताच्या बाजूला मोठा माणूस उभा आहे. विल्यम गिब्सन, ज्यांच्या १९८४च्या 'न्यूरोमॅन्सर'ने या साहित्याला चेहरा दिला, त्यांनी आपल्या साहित्यिक वंशात एल्फ मिसळलेले पाहून झालेली नाराजी उघडपणे बोलून दाखवली आहे. लेखकाला तो हक्क आहे. पण त्यांचा हवाला देणाऱ्या वाचकांनी १९८६ची 'काउंट झीरो' ही त्यांचीच कादंबरी उघडावी. तिथे संगणकांच्या जाळ्यात हैतीच्या वूडू परंपरेतल्या देवता वावरतात आणि माणसं त्यांच्याशी व्यवहार करतात. आता त्या देवता म्हणजे यंत्रांच्या पोटातून निपजलेली बुद्धी, असा खुलासा देता येतो हे खरं. तरीही वाचताना अंगावर काटा येतो तो देवतांमुळेच. यंत्राशेजारी दैवताला जागा गिब्सननेच करून दिली होती. 'शॅडोरन'ने फक्त खुलासा काढून टाकला.

एल्फवरचा राग मला दुसऱ्या कारणासाठी खटकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे. याच जगातला एक निवाडा पाहा. साल १९९९. न्यू यॉर्कमध्ये अन्नासाठी दंगे पेटलेत. 'सेरेटेक' कंपनीचा ट्रक निघालाय. भुकेलेल्या जमावाला वाटतं आत धान्य आहे. आत असतो दवाखान्यांचा संसर्गजन्य कचरा. जमाव तुटून पडतो आणि कंपनीचे सुरक्षारक्षक गोळीबार करून माणसांचा खच पाडतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जातं. न्यायालय म्हणतं, कंपनीने कचरा बाहेर पसरू दिला नाही हे योग्यच केलं. आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी सशस्त्र दल बाळगायचा तिला अधिकार आहे. दोन वर्षांनी 'शियावासे' निवाडा येतो आणि बड्या कंपन्यांच्या आवारात देशाचा कायदाच लागू होईनासा होतो.

हे वाचून कोणी म्हणत नाही, की पटलं नाही. टोकदार कानांची मुलगी पानावर आली की पटत नाही! आणि मराठी माणसाला तर यात भविष्यकाळही दिसायला नको. स्वतःची फौज बाळगणारी कंपनी आपल्या मुलखाने भोगलीय. १८०३ साली असईला मराठ्यांसमोर कंपनीचीच फौज उभी होती, आणि १८१८ साली पेशवाई बुडाली ती कंपनीच्याच हातून. या कथांतलं सगळ्यात अघटित आपल्या इतिहासात घडून गेलंय. मग कानांच्या आकारावर किती वेळ भांडायचं?

ड्रॅगनचंही तसंच. 'साएडर-क्रुप' ही या जगातली बलाढ्य कंपनी. मुख्यालय जर्मनीतलं एसेन, म्हणजे पोलाद आणि तोफांच्या क्रुप घराण्याचं खरंखुरं गाव. त्या कंपनीचा मालक आहे लोफविर नावाचा ड्रॅगन. युरोपच्या दंतकथांत ड्रॅगन सोन्याच्या ढिगाऱ्यावर बसतो आणि शतकानुशतकं उठत नाही. इथे तो ताळेबंदावर बसलाय. हावेला यापेक्षा नेमकं शरीर कोणत्या लेखकाने दिलं असतं, ते मला सांगा.

मत तिसरं : 'हे नियमात बसत नाही'

हे मत खेळ खेळणाऱ्यांचं. नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन ते कथा वाचतात. जादूगाराने एका दमात इतकं कसं केलं? या बंदुकीत इतक्या गोळ्या मावतात का? लेखक त्यांना आरोपीसारखा दिसतो.

पण त्यांना नुसतं झिडकारणारेही चुकतात. नियमात खरंच काहीतरी मौल्यवान आहे. या खेळात प्रत्येक पात्राला 'एसेन्स' असतो, म्हणजे आतला जीवाचा ऐवज. सुरुवात सहापासून. अंगात यंत्र बसवलं की तो कमी होतो. मज्जातंतूंत तारा भरून प्रतिक्रिया विजेसारखी जलद करून घ्यायची सोय आहे. तिच्या पहिल्या पायरीला दोन एसेन्स जातो, दुसरीला तीन, तिसरीला पाच. सहातले पाच! शून्यावर माणूस मरतो. जादूगाराने हाच सौदा केला तर एसेन्सबरोबर त्याची जादूही आटते.

एका आकड्यात केवढी शोकांतिका भरून ठेवलीय पाहा. पोटासाठी लढणाऱ्याला जलद व्हावंच लागतं, कारण समोरचा जलद झालाय. प्रत्येक बढतीत तो स्वतःतून थोडा वजा होतो. नियम लेखकाला ही किंमत फुकट देतो. चांगला लेखक ती पात्राकडून वसूल करतो. वाईट लेखक चकचकीत पोलादी हात दाखवतो आणि पुढे पळतो. या मालिकेत दोन्ही तऱ्हेचे लेखक आहेत. नियमवाल्या मित्रांनी गोळ्या मोजणं थांबवावं आणि किंमत मोजावी. एसेन्स गेलेला माणूस त्या कथेत रात्री झोपतो का? आईला ओळखतो का? त्याच्या हाताला गरम चहाच्या कपाची ऊब कळते का? हे प्रश्न विचारलेत तर तुमच्याइतका तयारीचा समीक्षक दुसरा नाही.

मत चौथं : 'एक कथा वाचली, शेंडाबुडखा कळला नाही'

हे प्रामाणिक मत आहे. यात वाचकाची चूक नाही. नव्या जगाचे शब्द, कंपन्यांची नावं, टोळ्या, हत्यारांच्या याद्या: काही लेखक पहिल्याच पानावर सगळं अंगावर ओततात. तिथे मी वाचकाच्या बाजूने आहे. जग दाखवायचं तर माणसाच्या गरजेतून दाखवावं.

रॉबर्ट चॅरेटची तीन पुस्तकांची मालिका ते करून दाखवते. पहिलं पुस्तक १९९० साली आलं. त्याच्या नावातच इशारा आहे, की ड्रॅगनशी व्यवहार करू नये. नायक सॅम व्हर्नर हा 'रेनराकू' या जपानी कंपनीचा नोकर. गुंड नाही, लढवय्या नाही. डोक्यात संगणकाची तार जोडायचा जॅक बसवलेला, कामात चोख, कंपनीवर निष्ठा असलेला माणूस. त्याची बहीण जॅनिस बदलते. माणसाचं दुसरंच काही होतं आणि तिला माणसांच्या वस्तीतून उचलून, अशा बदललेल्यांना ठेवायच्या योमी बेटावर धाडलं जातं. सॅमला तिच्यापर्यंत पोचायचंय आणि कंपनी पोचू देत नाही. तो ओरडत नाही. तो अर्ज करतो, वाट पाहतो, वरिष्ठांच्या पायऱ्या झिजवतो. ज्या घराला आपलं मानलं त्या घराला आपली बहीण नकोय, हे त्याला हळूहळू उमगतं. या जगाची सगळी रचना वाचकाला कळते ती एका भावाच्या अडलेल्या अर्जातून. पाठ करावं लागत नाही.

आणि एकदा आत शिरलात की गुंफणीचं बळ जाणवतं. सुट्या कथेत काम फत्ते झालं, पैसे मिळाले, पडदा पडला. गुंफलेल्या कथांत मागच्या कथेचं देणं पुढच्या कथेत दारात उभं राहतं. ज्याला फसवलं तो परत भेटतो. ज्याने मदत केली तो मदत मागायला येतो. मायकेल स्टॅकपोलच्या सिअ‍ॅटलमधल्या कथा १९९८ साली 'वुल्फ अँड रेव्हन' नावाने एकत्र निघाल्या. वुल्फगँग कीज आणि त्याचा म्होरक्या रेव्हन यांच्या या कथा. त्यांत जुन्या साहसकथांचा उघड आनंद आहे, बोलण्यात खटका आहे, आणि अर्णाळकरांवर वाढलेल्या वाचकाला तिथे परकं वाटणार नाही. पण एकामागून एक वाचत गेलं की लक्षात येतं, साहसापेक्षा टोळीतल्या माणसांचं एकमेकांना धरून राहणं हा लेखकाचा खरा विषय आहे. ज्या शहरात प्रत्येकाची किंमत ठरलेली आहे तिथे न विकला जाणारा मित्र हीच जादू. एक कथा वाचून हे कळायचं नाही. तीन वाचा, मग बोला.

मत पाचवं : 'वेळ घालवायला ठीक'

या मताचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ते कौतुकाच्या वेषात येतं.

या जगात प्रत्येक नागरिकाला एक ओळख क्रमांक असतो. तो नसेल तर सरळमार्गी नोकरी नाही, बँकेत खातं नाही, धड दवाखाना नाही. मारले गेलात तरी नोंद नाही. सिअ‍ॅटलच्या वस्त्यांत असे बिनक्रमांकाचे लोक खच्चून भरलेत आणि कथांतले बहुतेक नायक त्यांच्यातूनच येतात. खेळ १९८९चा. रेशन दुकानात यंत्रावर अंगठा उमटला नाही म्हणून रिकाम्या पिशवीने परतणारी म्हातारी माणसं आपण पाहिलीत. आपल्याला हे कथानक समजावून सांगावं लागू नये.

नकाशा बघा. खऱ्या रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आहे आणि त्या भागात मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त राहतात. खेळातलं रेडमंड म्हणजे 'बॅरन्स', विजेपाण्याचा भरवसा नसलेली, पोलिसांनी वाऱ्यावर सोडलेली उजाड वस्ती. भरभराटीच्या गावाला नकाशावर उद्ध्वस्त करून दाखवण्यात मोठा प्रश्न दडलाय: ही भरभराट कोणाच्या मर्जीवर उभी आहे? एका सकाळी नोकरी गेल्याचं पत्र हाती पडलेल्या कोणाही माणसाला त्या प्रश्नाचं वजन कळतं.

त्याच नकाशावर प्युअ‍ॅलप आहे. खेळात तिथे ज्वालामुखीची राख आणि लाव्हा पसरलेला. आता खरा इतिहास. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडायला लावलं. सिअ‍ॅटल परिसरातल्या सात हजारांहून जास्त जणांना याच प्युअ‍ॅलपच्या जत्रेच्या मैदानात काटेरी तारेआड डांबलं होतं. खेळाच्या इतिहासात ७ फेब्रुवारी २०३९ची रात्र येते. ऑर्क, ट्रोल, एल्फ, ड्वार्फ यांना हलवण्याच्या नावाखाली सिअ‍ॅटलच्या गोदीतल्या गोदामांत कोंबतात आणि गोदामांना आगी लागतात. शेजारी कालपर्यंत माणूस होता, आज त्याचे दात वेगळे दिसतात, एवढ्यावरून. फेब्रुवारीच निवडण्यामागे निर्मात्यांच्या मनात काय होतं यावर मी बोलणार नाही. पण याच परिसरात हे अर्धंअधिक घडून गेलंय हे माहीत असलेला वाचक त्या गोदामांपाशी 'वेळ घालवायला ठीक' म्हणू शकत नाही.

ऑर्क कशाला हवेत, याचं उत्तरही इथेच आहे. नेहमीच्या अद्भुतकथेत ऑर्क मारायला असतात. इथे ऑर्क कोणाची तरी मुलगी असते, रात्रपाळीला जाते, भाडं थकलं म्हणून जिना चढताना आवाज करत नाही. ज्याला मारायची वाचकाला सवय झाली होती, त्याच्या घरात या कथा वाचकाला नेऊन बसवतात.

मत सहावं : 'यात आदिवासींचं आणि जपान्यांचं चित्र बेगडी आहे'

हे मत खरं आहे आणि प्रेम करणाऱ्यांनी ते झाकू नये. १८९०च्या सुमारास वोवोका या पायूट द्रष्ट्याच्या शिकवणीतून 'घोस्ट डान्स' पसरला. गेलेले पूर्वज परततील, भूमी पुन्हा आपली होईल, ही त्यामागची आशा. २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी इथे अमेरिकी सैनिकांनी लकोटा स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली. खेळ त्या आशेला फळ देतो: नाचाच्या बळावर ज्वालामुखी फुटतात, २०१८ साली तह होतो, भूमी परत मिळते. कल्पना थरारक आहे. पण पुढे अनेक कथांत आदिवासी पात्र आलं की ते गूढच बोलतं, प्राण्यांच्या आत्म्यांशीच बोलतं. नोकरी, कर्ज, थट्टामस्करी, कंटाळा हे सगळं इतरांच्या वाट्याला. ज्यांना भूमी परत दिली त्यांना साधं माणूसपण द्यायचं राहिलं.

जपानी कंपन्यांचं भयही त्या काळाचं आहे. १९८९ सालीच मित्सुबिशी इस्टेटने न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधला मोठा हिस्सा घेतला आणि सोनीने कोलंबिया पिक्चर्स. अमेरिकेत घबराट होती, ती या जगाच्या 'नुयेन' चलनात आणि रेनराकूसारख्या नावांत जशीच्या तशी उतरली. पुढे जपानचा फुगा फुटला, भय शिळं झालं. चॅरेटने रेनराकूत माणसं उभी केली. कमी वकुबाच्या लेखकांनी नुसते झुकून नमस्कार करणारे खलनायक उभे केले.

हे सहावं मत आणि आधीची पाच यांत फरक काय तो बघा. हे मत पानावरच्या माणसांबद्दल आहे. कोणाला काय मिळालं, कोणाला नाकारलं, हे ते विचारतं. म्हणून ते कडू असूनही मालिकेच्या कामाचं आहे, लेखकाला पुढची कथा जास्त चांगली लिहायला भाग पाडणारं आहे.

पुण्या-मुंबईत आता तरुण मुलं-मुली टेबलाभोवती बसून असे खेळ खेळतात, आपल्या बैठकींतल्या गोष्टी लिहून काढायचा विचार करतात. त्यांतली एखादी उद्या मराठीत येईल. ओसाड गिरणी, बिल्डरची कंपनी, देवराईतून उठलेलं काहीतरी आणि चार कंत्राटी कामगार अशी गोष्ट मला वाचायचीच आहे. तेव्हा मत मागितलं जाईल. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नका. हे साहित्यात मोडतं का, हे विज्ञानात बसतं का, हे नियमाला धरून आहे का, या तीन प्रश्नांवर माणसं आयुष्य काढतात आणि पुस्तक तसंच राहतं. एक प्रसंग निवडा. त्यात किंमत कोणी मोजली आणि लेखकाने त्याच्याकडे धड पाहिलं की नाही, ते सांगा. नाही पाहिलं तर खुशाल झोडपा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन.